बर्वे सरांचं ‘केव्हा?’

माणसं भेटली की ‘काय म्हणता?’ असं विचारतात. आमचे बर्वे सर ‘केव्हा?’ असं विचारायचे. ‘सर, मला ताप आला होता.’ ‘केव्हा?’ ‘सर, चहा ठेवलाय टेबलावर.’ ‘केव्हा?’ ‘सर, आपल्या शिपायाच्या, गंगारामच्या मुलीचं लग्न ठरलं.’ ‘अरे वा! केव्हा?’ यातला शेवटचा प्रश्न ठीक आहे, पण चहाचं काय उत्तर द्यायचं? शाळेत नवीन लागलेली माणसं बावचळून जायची. मुलांनी त्यांचं नाव ‘केव्हा सर’ ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊकही होतं.

एकदा आमच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून आम्ही सगळे भेटायला गेलो. ओटीवर सतरंजी घातलेली, सगळे खाली मान घालून बसलेले. बर्वे सरांनी घसा खाकरला आणि विचारलं, ‘केव्हा?’ मी घाईघाईने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, साळवी बाईंना रडू आवरेना. पण गंमत अशी की तो मघापासून गप्प बसलेला माणूस एकदम बोलायला लागला. पहाटे वडिलांना जाग आली, त्यांनी चहा मागितला, चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, मग कूस बदलली. बोलता बोलता तो मोकळा झाला, रडलाही. परत येताना सर मला म्हणाले, ‘बाई, माणसाला ‘कसं झालं?’ विचारलं की तो अडतो. ‘केव्हा’ विचारलं की त्याला सुरुवात सापडते.’ तेव्हापासून मी त्यांना हसणं कमी केलं. अगदी बंद नाही केलं.

मी १९९८ साली या शाळेत इतिहास शिकवायला लागले. रत्नागिरीतून मिरजोळ्याकडे जाताना औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे आमची शाळा. निम्म्या मुलांचे वडील कारखान्यात, उरलेल्यांचे कुणाचे बागेत, कुणाचे बोटीवर. बर्वे सर इंग्रजीचे. मूळचे खेडचे, जगबुडी नदीच्या काठचे. समुद्राशी त्यांचा संबंध मांदेलीपुरताही नव्हता, कारण घरात मासे शिजत नसत, आणि होडीत बसलं की त्यांना मळमळायचं. उंच, किडकिडीत, पँट घोट्याच्या चार बोटं वर, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. इतिहास शिकवायचे मी आणि तारखा विचारायचे हे. स्टाफरूममध्ये मी म्हणायची, ‘सर, माझ्या पोटावर पाय देऊ नका.’

त्यांच्या वर्गात एका खिडकीच्या गजापासून समोरच्या खिडकीच्या गजापर्यंत काथ्याची दोरी बांधलेली असे. डावीकडे मागचा काळ, उजवीकडे पुढचा. मुलांनी आपल्या आयुष्यातली एकेक गोष्ट पुठ्ठ्याच्या तुकड्यावर इंग्रजीत लिहायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दोरीला लावायची आणि तिच्याखाली उभं राहून दोन वाक्यं बोलायची. म्हैस व्याली. पप्पा मिरजोळ्याच्या कंपनीत लागले. पहिल्यांदा रेल्वे बघितली. पुस्तकातला धडा वाचताना ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे, ती पोरं दोरीखाली उभी राहून म्हशीबद्दल धडाधड इंग्रजी बोलायची. चुकीचं, पण बोलायची.

या शिक्षणपद्धतीचा जाच सगळ्यात जास्त बर्वे काकूंना झाला. त्यांच्या घरातले चिमटे टिकेनात. मी एकदा घरी गेले तर अंगणातल्या तारेवर सरांचे शर्ट चक्क गाठ मारून लटकवलेले. काकू म्हणाल्या, ‘अहो बाई, ह्यांचे शर्ट वाऱ्याने शेजारच्या फणसावर जातात आणि माझे चिमटे वर्गात इंग्रजी शिकतात. परवा नवीन डझन आणला, तर विचारतात, केव्हा आणलास?’

एकदा तपासणीला साहेब आले होते. तेही उंच. तरातरा वर्गात शिरले आणि दोरी थेट चष्म्याला लागली. चष्मा लोंबकळला, दोन पुठ्ठे खाली पडले. ‘हे काय आहे?’ साहेब कडाडले. सर शांतपणे म्हणाले, ‘साहेब, हा काळ आहे. जरा वाकून या.’ मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. पण साहेबांनी चष्मा नीट केला, वाकून दोरीखालून गेले आणि शेवटच्या बाकावर बसून त्या म्हशीची सगळी कथा ऐकली. जाताना त्यांनी स्वतःच पडलेले पुठ्ठे उचलून दिले. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला.

अशी वर्षं गेली. मग शाळेत कॉम्प्युटर आले. कुणीतरी दिलेले, जुनेच. त्यातले चालायचे मोजके. पण त्यांना फुलाफुलांची कापडी झाकणं शिवली होती, आणि खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या असा नियम होता. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि लोडशेडिंग नसेल तेव्हाच यायचं. आम्ही जुने शिक्षक त्या खोलीकडे देवघरासारखं बघायचो, म्हणजे नमस्कार करून पुढे जायचो.

बर्वे सर कोल्हापूरला कसल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि परतले ते खिशात एक चिठ्ठी जपून घेऊन. माझ्यासमोर ती उलगडली. इंटरनेटचा पत्ता होता. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘इंटरनेटवर दोरी मिळते!’

खरंच मिळत होती. पडद्यावर एक आडवी रेघ. तिच्यावर टिचकी मारली की चौकोन उघडायचा. त्यात घडलेली गोष्ट लिहायची, हवा तर फोटो लावायचा. फक्त तारीख घातल्याशिवाय तो चौकोन काही केल्या मिटायचा नाही, लाल अक्षरांत अडून बसायचा. सर हे मला इतक्या कौतुकाने दाखवत होते! ‘माझ्यासारखंच आहे बघा. आधी केव्हा ते विचारतं.’ मी म्हटलं, ‘म्हणजे आता दोन झाले.’

नववी ब च्या मुलांना त्यांनी घरच्यांचे जन्म लावायला सांगितले. आजोबा, आजी, आई, वडील, काका. मुलांनी घरातले शाळेचे दाखले शोधून तारखा आणल्या आणि भराभर घातल्या. थोड्या वेळाने खोलीतून सरांचं हसू ऐकू आलं. मी धावत गेले. पडद्यावर एकेका सालाच्या जूनवर चौकोनावर चौकोन चढून नुसता ढीग झाला होता, कारण निम्म्याहून अधिक माणसं एक जूनला जन्मलेली होती! पूर्वी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग हेडमास्तर जूनची पहिली तारीख ठोकून द्यायचे. ‘बाई, तुमच्या इतिहासात हे आहे का?’ सर डोळे पुसत म्हणाले. ‘एक जूनला आख्खी रत्नागिरी जन्माला आली आणि कॉम्प्युटर बसला. त्यात मीही आहे. आई सांगते, मी दिवाळीतला. मास्तरांनी मला काही महिने आधीच म्हातारा करून ठेवलाय.’

मग त्यांनी मुलांना घरी पिटाळलं. खरं केव्हा ते आजीला विचारून या. मुलं उत्तरं घेऊन आली ती अशी : गणपती गेल्यावर भात कापणीला आला तेव्हा. थोरल्या काकांची बोट आफ्रिकेला गेली होती त्या शिमग्याला. सर खूश. पडद्यावरच्या चौकोनाला मात्र यातलं काहीच चालेना. मुलं आणि सर मिळून अंदाजे तारीख काढायचे आणि खाली आजीचं म्हणणं इंग्रजीत लिहायचे. त्या तासांना मीही मागे जाऊन बसायला लागले. इंग्रजी सुधारावं म्हणून, असं मी सांगायची.

ज्यांचे वडील परगावी असतील त्यांनाही सरांनी त्या पानाचा पत्ता आणि उघडायचा परवलीचा शब्द कळवला होता. बहुतेकांनी दुर्लक्ष केलं. एकाने मात्र केलं नाही. ते म्हणजे मानसी मयेकरचे वडील.

मानसी समुद्राकाठच्या मिऱ्या गावची. दोन वेण्या, मागून दुसरं बाक, आणि तोंडातून अक्षर नाही. दोरीखालीही नाही. तिचे वडील मालवाहू बोटीवर फिटर होते. बोट बंदराला लागली की तिथल्या खलाशांच्या क्लबात जाऊन ते कॉम्प्युटरवर बसायचे आणि वर्गाच्या रेघेवर आपला एक चौकोन लावून जायचे. ‘टुडे डेक फुल स्नो. माय मिशी ऑल्सो.’ सगळा वर्ग त्या मिशीवरच्या बर्फावर फिदा. सर खाली हिरव्या अक्षरांत दुरुस्ती करायचे. पुढच्या बंदरातून उत्तर यायचं, ‘थँक्यू सर. आय करेक्ट.’ सरांचा सगळ्यात लांबचा विद्यार्थी तो! रोज इंग्रजीच्या तासाला, वीज असली की पहिलं काम म्हणजे ते पान उघडायचं. मयेकरांचं काही आलंय का, हे आधी बघायचं.

मग एके दिवशी सरांनी मुलांना रेघेच्या उजव्या बाजूला, पुढच्या काळात, काहीतरी लावायला सांगितलं. कुणी दहावीची परीक्षा लावली, कुणी ताईचं लग्न. मानसी आपणहून उठली, कॉम्प्युटरपाशी गेली आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘माय पप्पा विल कम होम.’ चौकोनाने तारीख मागितली. तिने घरी ऐकलेली, वडिलांचा करार संपायची तारीख घातली. आणि मागे वळून ते वाक्य मोठ्याने वाचलं. तिचा आवाज आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सर स्टाफरूममध्ये येऊन ज्याला त्याला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मानसीची आई शाळेत हजर. उन्हातून चालत आलेली, घामाघूम. सर तिला बसा म्हणाले, ती बसली नाही.

‘सर, ती तारीख काढा,’ ती म्हणाली.

‘कुठली तारीख?’

‘पोरीनं इंटरनेटवर लिवलंय ती. ह्ये केव्हा येनार ती. आमच्यात बोटीवरच्या मानसाची येनारी तारीख सांगत नायत. कॅलेंडरवर खून पन करत नायत. येतील तेव्हा येतील. माझी सासू तर कोनी इचारला तर नुसती हसायची.’

सर समजावू लागले. ‘अहो वहिनी, त्यात काय आहे? साधा इंग्रजीचा अभ्यास आहे हो. आणि पोरगी पहिल्यांदा आपणहून बोलली.’

‘बोलंल. पुन्हा बोलंल. तुमी तारीख काढा.’

सर कॉम्प्युटरच्या खोलीत गेले, आम्हीही मागोमाग. तारीख तेवढी काढून वाक्य ठेवता येईना. तारखेशिवाय तो चौकोन राहायलाच तयार नव्हता. मग सरांनी सगळा चौकोनच पुसला. मानसी दारात उभी होती, तिने तो जाताना पाहिला. आई पदराने गळा पुसत निघून गेली, आणि पोरगी पुन्हा गप्प झाली.

‘किती जुनाट समजुती,’ सर त्या दिवशी दोन-तीनदा म्हणाले. चिडले होते.

पाऊस लागला, शाळेचं नवं वर्ष सुरू झालं. तीच मुलं आता दहावीत. आणि मयेकरांचे चौकोन यायचे थांबले. आधी कुणाला काही वाटलं नाही, समुद्रात बंदर लांब असतं. मग कळलं की बोट ज्या बंदराला लागायची होती तिथे लागलीच नाही. मानसीचे मामा मुंबईला कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. बोटीशी संपर्क होत नाही, आम्ही प्रयत्न करतोय, एवढंच उत्तर. पेपरात तेव्हा चाचे बोटी पळवतात अशा बातम्या येत होत्या. मिऱ्यावर कुणी त्या मोठ्याने वाचत नव्हतं.

मानसी शाळेत येत होती. आईच पाठवत होती. बाकावर बसायची, खाली बघायची. आणि बर्वे सरांनी ‘केव्हा’ विचारणं बंद केलं. चहा आला, ते मुकाट्याने प्यायले. कुणी सुट्टी मागितली, घे म्हणाले. काकू मला बाजारात भेटल्या तर काळजीने म्हणाल्या, ‘बाई, ह्यांनी माझे सगळे चिमटे परत आणून दिलेत हो. काय झालंय ह्यांना?’

एकदा शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. सर खिडकीतून बघत म्हणाले, ‘बाई, ती तारीख आपण लावायला नको होती.’

मी थक्कच झाले. देवळात घंटासुद्धा न वाजवणारा हा माणूस! ‘सर, असं कुठे असतं का?’ मी म्हटलं.

‘नसतं. मला माहीत आहे नसतं. पण त्या बाईला सांगा बरं तुम्ही तसं.’ आणि घड्याळाकडे उगाच बघत राहिले. मला त्यांची फार दया आली. आयुष्यभर ज्याने प्रत्येकाला केव्हा केव्हा विचारलं, त्याला आता तेच एक विचारायची भीती वाटत होती.

पान मात्र ते रोज उघडत होते. इंग्रजीचा तास लागला की आधी ते पान. काही नसायचं. मग ‘बरं’ म्हणून धडा सुरू. मुख्याध्यापक म्हणाले, ‘त्या मुलीसमोर कशाला रोज?’ सर म्हणाले, ‘उघडलं नाही तर ती काय समजेल?’

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण सकाळपासून वीज होती, आणि हे आमच्याकडे नवल. माझा तास रिकामा होता म्हणून मी मागे बसले होते. पान डावीकडून उजवीकडे, चौकोन चौकोन करत उघडत होतं. पावसात तार भिजली की ते असंच यायचं. आधी एक जूनचा ढीग आला, मग जुन्या म्हशी, मग मिशीवरचा बर्फ. आणि मग, दहावीच्या परीक्षेच्या अलीकडे, एक चौकोन यायला लागला, जो काल नव्हता.

पुढच्या बाकावरचा पोरगा ओरडला, ‘सर! नवीन!’

अक्षरं उमटली. ‘शिप ओके. इंजिन बॅड, रेडिओ बॅड. मेनी डेज नो गो. नाऊ बिग बोट पुल अस टू पोर्ट. ऑल मेन गुड. आय ईट राइस. होम फोन नॉट वर्किंग. मानसी, टेल आई.’

घरचा फोन पावसात बंद पडलेला. मिऱ्यावर तो दर पावसाळ्यात पडतो, त्यात नवीन काही नाही. पण परक्या देशाच्या बंदरात उतरलेल्या त्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घरी फोन लागो न लागो, बर्वे सर इंग्रजीच्या तासाला पान उघडणार.

मग मानसी उठली. पडद्याजवळ गेली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत खणखणीत वाचलं. ‘टेल आई’ म्हणाली आणि दप्तर न घेता, चपला न घालता, पळत सुटली. सरांनी तिला थांबवलं नाही. गंगारामला ओरडून सांगितलं, ‘अरे मेल्या, बघतोस काय, सायकलवर घाल तिला आणि मिऱ्यावर सोड!’ मग हिरव्या अक्षरांत दुरुस्ती करायला म्हणून खुर्चीवर बसले, आणि नुसते बसून राहिले. त्या चौकोनात चुकाच चुका होत्या. त्यांनी एकही दुरुस्त केली नाही. मी रडत होते, यावेळी खरंच, पदर तोंडाला न लावता.

मयेकर गणपतीच्या आधी घरी आले. नवराबायको दोघं शाळेत आली, सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी घेऊन. सरांच्या घरी त्याचं काय होणार, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती पुडी शेवटी माझ्या वाट्याला आली. मानसीची आई मोकळं हसत होती. सर हात जोडून उभे, काही विचारायला धजेनात. तिनेच ते ओळखलं.

‘सर, आता इचारा की,’ ती म्हणाली. ‘मानूस घरी आल्यावर इचारला तर चालतं.’

सरांनी मयेकरांकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि कितीतरी दिवसांनी विचारलं, ‘केव्हा आलात?’ स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. मयेकर बिचारे बघतच राहिले.

पुढच्या वर्षी मे अखेरीला सर निवृत्त झाले, दाखल्यावरच्या एक जूनमुळे दिवाळीच्या आधीच. खेडला जाऊन राहायचं ठरलं होतं. सामान टेम्पोतून पुढे गेलं आणि ते दोघं एस.टी.ने निघाले. मी स्टँडवर पोचवायला गेले. काकू खिडकीशी बसल्या. सर एक जुनी ट्रंक आत चढवत होते. ती ट्रंक वर्गातल्या त्याच काथ्याच्या दोरीने बांधलेली होती, आणि गाठीजवळ एक चिमटा तसाच अडकलेला होता. काकूंनीही तो काढला नव्हता.

गाडी सुरू झाली. मी खिडकीबरोबर दोन पावलं चालले. मग इतक्या वर्षांची त्यांचीच सवय माझ्या तोंडून बाहेर पडली. ‘सर, परत केव्हा?’

त्यांनी काकूंच्या पलीकडून वाकून खिडकीबाहेर डोकं काढलं. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘आमच्यात येणारी तारीख सांगत नाहीत.’ आणि नुसते हसले.

जगबुडीकाठच्या या माणसाला समुद्राने कधी आपलं म्हटलं ते मला कळलंच नव्हतं. गाडी मारुती मंदिराच्या दिशेने वळली. मिऱ्यावर ज्याची तारीख सांगत नाहीत तो माणूस घरी येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी निर्धास्त मनाने रिक्षा शोधायला लागले.